महोनिंगकाठचे वर्तमानपत्र

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून धातुशास्त्राची पदवी घेऊन मी ओहायो राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातील यंग्सटाउन या पोलादाच्या गावी एका लहानशा प्रयोगशाळेत उमेदवारीसाठी रुजू झालो, त्याला १९७३ सालच्या जुलै महिन्यात जेमतेम सहा आठवडे झाले होते. ज्या घराच्या माडीवर मी खोली घेतली होती त्या घराच्या मालकीणबाई स्लोव्हाक आईबापांच्या पोटी त्याच गावी जन्मलेल्या, साठीच्या घरातल्या, विधवा होत्या. त्यांचा धाकटा भाऊ पोलादाच्या भट्टीवर कामाला होता, आणि त्याची बायको वारल्यापासून त्याचे सदरे धुऊन इस्त्री करून देण्याचे काम बाईंनी आपल्याकडे घेतले होते. त्या महिन्याच्या १६ तारखेस, सोमवारी दुपारी, दुसऱ्या पाळीला निघण्यापूर्वी मी स्वयंपाकघरात डबा भरीत उभा होतो, बाई फळीवर सदरा पसरून बाहीवरून इस्त्री फिरवीत होत्या, आणि कोपऱ्यातील दूरचित्रवाणीच्या संचावर वॉशिंग्टनमधील वॉटरगेट चौकशी समितीचे कामकाज चालू होते. समितीच्या एका तरुण वकिलाने अलेक्झांडर बटरफील्ड नावाच्या माजी अधिकाऱ्यास विचारले की, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात संभाषणे टिपून घेणारी यंत्रे बसविली असल्याची आपणास माहिती होती काय. आणि होती, असे त्या गृहस्थाने शांतपणे सांगितले. बाईंनी इस्त्री उभी करून ठेवली आणि हातपुसणे हातात धरून त्या खुर्चीवर बसल्या. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांनी, आणि त्यांच्या परगण्यातील बहुसंख्य मतदारांनी, रिचर्ड निक्सन यांनाच मत दिले होते.

तो प्रश्न विचारणारा वकील म्हणजे फ्रेड थॉम्प्सन. हेच गृहस्थ पुढे १९८५ सालच्या एका चित्रपटात स्वतःचीच भूमिका करून नट झाले, नटाचे सिनेटर झाले, सिनेटरपदाची मुदत संपत असतानाच दूरचित्रवाणीवरील एका न्यायालयीन मालिकेत सरकारी वकिलाची भूमिका करू लागले, आणि त्या मालिकेतून उठून २००७ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले. राजकारण, वृत्तमाध्यम आणि करमणूक ही अमेरिकेत एकाच वाड्याची तीन दालने आहेत आणि त्यांच्यामधली दारे दिवसरात्र उघडी असतात, ही गोष्ट मला ज्या एका माणसाच्या चरित्रावरून प्रथम पटली तो माणूस त्या दुपारी माझ्या डोळ्यांसमोर होता, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले.

परंतु त्या घरात दूरचित्रवाणीखेरीज आणखी एक वस्तू होती. रोज दुपार कलता ओसरीवर 'यंग्सटाउन व्हिंडिकेटर' येऊन पडे. बाई तो पेन्सिल हातात घेऊन वाचीत: प्रथम निधनवार्ता, मग शाळामंडळाच्या बैठकीचा वृत्तांत, मग नगरसभेत मंजूर झालेले ठराव आणि मक्ते, मग न्यायालयांचे निकाल, आणि सर्वांत शेवटी पहिल्या पानावरचे वॉशिंग्टन. मी रात्री साडेअकराला कामावरून परत येई तेव्हा तो अंक घडी घालून माझ्यासाठी टेबलावर ठेवलेला असे आणि त्यात ठिकठिकाणी पेन्सिलीच्या रेघा असत. एकदा त्या वर्षी दुरुस्त व्हावयाच्या रस्त्यांची यादी अंकात छापून आली. बाईंनी आमची गल्ली शोधून काढली, तिच्याखाली दुहेरी रेघ मारली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या प्रभागाच्या नगरसेवकास दूरध्वनी करून काम कोणत्या आठवड्यात लागणार ते विचारून घेतले. त्या नगरसेवकाच्या बोलण्यात मला आश्चर्य मुळीच जाणवले नाही. असे दूरध्वनी त्यास नित्याचे असावेत.

गेल्या अर्धशतकात अमेरिकेच्या राजकारणाविषयी आपल्याकडे विपुल लिहिले गेले आहे, आणि त्यातील बहुतेक लेखन राष्ट्राध्यक्ष, त्यांची भाषणे आणि त्यांची प्रकरणे यांच्याभोवती फिरत आले आहे. परंतु ज्याने त्या देशात एका गावी आयुष्याची उमेदीची वर्षे काढली आणि नंतर तेच गाव हळूहळू रिते होताना पाहिले, त्याच्या मते खरी घटना अन्यत्र घडलेली आहे. त्या स्वयंपाकघरात दोन वस्तू एकमेकींना तोलून धरीत होत्या. एक सगळ्या राष्ट्रास एकाच वेळी एकच दृश्य दाखवी; दुसरी एका गावास त्याचा स्वतःचा जमाखर्च वाचून दाखवी. पहिलीचे सामर्थ्य शतपटीने वाढले आणि दुसरी बंद पडली. आज त्या देशात जे आपण पाहतो आहोत, ते माझ्या समजुतीप्रमाणे या तोल जाण्याचे फळ आहे.

मराठी वाचकास अमेरिकेकडे पाहण्याची दृष्टी काही आजची नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ निग्रो गुलामांस दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला. पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियास गेल्या त्या दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या, आणि १८८९ साली 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. या दोघांच्याही लक्षात राहिले ते सामान्य माणसांचे सार्वजनिक वर्तन, सत्ताधीशांचा दिमाख नव्हे. रमाबाईंचा ग्रंथ मी मुंबईहून निघताना बरोबर नेला होता आणि पहिल्या हिवाळ्यात तो दोनदा वाचून काढला होता.

वर्तमानपत्र ही त्या प्रजासत्ताकाने आरंभीच एक सार्वजनिक गरज मानली होती. १७९२ सालच्या टपाल कायद्याने पत्रास अंतराप्रमाणे ६ ते २५ सेंट हशील ठरविले, पण वर्तमानपत्राच्या अंकास शंभर मैलांपर्यंत एक सेंट आणि त्यापुढे केवळ दीड सेंट; शिवाय एका गावच्या मुद्रकाने दुसऱ्या गावच्या मुद्रकास पाठविलेला अंक विनाहशील जाई. ज्या सरकारच्या खजिन्यात त्या वेळी खणखणाट नव्हता त्या सरकारने हा तोटा जाणूनबुजून पत्करला, कारण रानावनात पसरलेल्या नागरिकांस एकमेकांची वार्ता कळल्याशिवाय त्यांचे राष्ट्र बनणार नाही, हे त्या पिढीस स्वच्छ दिसत होते. १८३१ साली तेथे हिंडून गेलेल्या तोक्वील या फ्रेंच गृहस्थाने स्थानिक संस्था आणि वर्तमानपत्रे यांचा जो अन्योन्यसंबंध पुढे आपल्या ग्रंथात वर्णन केला, त्याचे मूळ या दीड सेंटाच्या दरात आहे.

नभोवाणी आली तेव्हा या व्यवस्थेवर प्रथमच एक दूरचा आवाज येऊन बसला. पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने २ नोव्हेंबर १९२० रोजी निवडणुकीचे निकाल ध्वनिक्षेपित केले, तेव्हा ऐकणारे मूठभर होते. बारा वर्षांनी, १२ मार्च १९३३ च्या रविवारी रात्री, देशातील झाडून साऱ्या पेढ्या सरकारी हुकमाने बंद असताना, फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी लोकांस घरबसल्या समजावून सांगितले की पेढीत ठेवलेला पैसा तेथे पेटीत पडून राहत नाही, तो कर्जाऊ फिरत असतो, आणि सगळ्यांनी एकदम मागितला तर कोणतीही पेढी तो देऊ शकत नाही. दुसऱ्या दिवसापासून पेढ्या टप्प्याटप्प्याने उघडल्या आणि लोक पैसे काढण्याऐवजी भरण्यासाठी रांगेत उभे राहिले. सत्ताधीशाने प्रजेस अज्ञ न मानता हिशेब समजावून सांगावा, आणि प्रजेने तो समजून घ्यावा, याहून लोकशाहीचा अधिक सुंदर प्रसंग मला त्या शतकात दुसरा दिसत नाही. त्याच यंत्रातून त्याच दशकात डेट्रॉइटजवळच्या फादर कॉफलिन या धर्मगुरूने लक्षावधी श्रोत्यांस ज्यूद्वेषाचे विष पाजले, ही गोष्टही येथेच नोंदली पाहिजे.

दूरचित्रवाणीच्या सुरुवातीच्या पंचवीस वर्षांविषयी मात्र मी आदराने लिहितो, कारण तिने जे केले ते वर्तमानपत्रास साधले नसते. १९५४ सालच्या ९ मार्च रोजी एडवर्ड मरो यांनी सीबीएसवरील आपल्या अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात साम्यवाद्यांच्या शोधाची मोहीम चालविणारे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांची भाषणे आणि चौकशा यांची चित्रे, बहुतांशी त्यांच्याच शब्दांत, देशापुढे मांडली, आणि ६ एप्रिल रोजी उत्तर देण्यासाठी मॅकार्थींना तोच कार्यक्रम मोकळा करून दिला. त्यानंतर सैन्याशी उद्भवलेल्या तंट्याची सुनावणी ३६ दिवस चालली, घरोघरी दिसली, आणि ज्या माणसाच्या नावाने सरकारी नोकर चळचळा कापत होते तो माणूस प्रत्यक्षात कसा बोलतो, कसा अडवतो, हे लोकांनी स्वतः पाहिले. डिसेंबरात सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्यांच्यावर निषेधाचा ठराव केला. तसेच ७ मार्च १९६५ चा रविवार: अलाबामातील सेल्मा गावच्या पुलावर मताधिकार मागणाऱ्या निग्रो स्त्रीपुरुषांवर राज्याच्या आणि परगण्याच्या पोलिसांनी घोडे घातले, लाठ्या चालविल्या, आणि त्या रात्री एबीसी वाहिनीने नाझी न्यायाधीशांच्या खटल्यावरील 'जजमेंट अ‍ॅट न्यूरेंबर्ग' हा चित्रपट मध्येच थांबवून ती दृश्ये दाखविली. जर्मनीतील अन्याय पाहावयास बसलेल्या लोकांस आपल्याच देशातील अन्याय दिसला. ऑगस्टच्या ६ तारखेस मताधिकाराच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. पडद्याची निंदा करण्यापूर्वी प्रत्येकाने सेल्माची ती रात्र आठवावी, असे मला मनापासून वाटते.

आमच्या गावाचा आणि पडद्याचा संबंध त्याहून जुना होता. पोलंडमधून आलेल्या एका ज्यू कुटुंबाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यंग्सटाउनमध्ये बिऱ्हाड थाटले. बाप लहानसे दुकान चालवी आणि मुलांनी एक जुने प्रक्षेपणयंत्र मिळवून आसपासच्या गावांत हलती चित्रे दाखविण्याचा धंदा सुरू केला. हेच वॉर्नर बंधू. त्यांच्यातील सॅम याने बोलपटाचा ध्यास घेतला आणि 'द जॅझ सिंगर' हा बोलपट ६ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये झळकला, त्याच्या आदल्याच दिवशी तो वारला. भावांनी १९३१ साली त्याच्या स्मरणार्थ यंग्सटाउनच्या मध्यवर्ती भागात एक भव्य चित्रगृह बांधले. पुढे ते पाडण्याची वेळ आली असता गावकऱ्यांच्या देणगीतून वाचले आणि वाद्यवृंदाचे सभागृह झाले. त्या सभागृहाच्या आरशांनी मढविलेल्या दालनात मी पहिल्यांदा पाश्चात्त्य संगीत ऐकले.

या वॉर्नर बंधूंच्या कंपनीने १९३७ साली आयोवा राज्यातील एका तरुण नभोवाणी-निवेदकास नट म्हणून करारबद्ध केले. त्याचे काम असे की, शिकागोत चाललेल्या बेसबॉलच्या सामन्याची तार येई, तारेत दोनचार अक्षरांत चेंडूचा तपशील असे, आणि हा निवेदक त्यावरून मैदान, वारा, प्रेक्षकांची धांदल यांचे वर्णन अशा थाटात करी की श्रोत्यास तो तेथेच बसला आहे असे वाटावे. एकदा तार मध्येच बंद पडली. सामना थांबला असे सांगावे तर श्रोते दुसरीकडे जातील. म्हणून त्याने फलंदाजाकडून एकामागून एक बाद न होणारे, रेषेबाहेर जाणारे फटके मारविले, आणि तार पुन्हा चालू होईपर्यंत तो काल्पनिक खेळ चालू ठेवला. ही कथा त्याने स्वतःच आयुष्यभर आवडीने सांगितली. त्याचे नाव रोनाल्ड रेगन. तो पुढे नटसंघाचा अध्यक्ष झाला, १९५४ ते १९६२ अशी आठ वर्षे एका विद्युत कंपनीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा यजमान होता, मग कॅलिफोर्नियाचा राज्यपाल आणि १९८१ साली राष्ट्राध्यक्ष. तो नट होता हे मी दोष म्हणून लिहीत नाही. त्याच्या राज्यकारभाराविषयी माझी मते काहीही असोत, त्याची वाणी ऋजु होती आणि त्याने एका राज्याचा कारभार पाहिलेला होता. पण तारेवाचून खेळ चालू ठेवण्याची जी विद्या त्याला एका दुपारी गरजेपोटी साधली, ती पुढच्या काळात संपूर्ण वृत्तव्यवसायाने धंदा म्हणून पत्करली.

त्यास कारण घडलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. मी दोनतीन सांगतो. सार्वजनिक प्रश्नावर ध्वनिक्षेपण करणाऱ्याने विरुद्ध बाजूसही वाव द्यावा, असा १९४९ पासूनचा सरकारी दंडक होता. १९८७ सालच्या ऑगस्टमध्ये दळणवळण आयोगाने तो रद्द केला; काँग्रेसने त्यास कायद्याचे रूप देण्याचा प्रयत्न केला होता तो रेगन यांनी नकाराधिकाराने फेटाळला होता. पुढच्याच वर्षी रश लिंबॉ यांचा एकपक्षी बडबडीचा नभोवाणी कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला. केबलने घरात येणाऱ्या वाहिन्यांस मात्र तो दंडक कधीच लागू नव्हता, म्हणून सारा दोष त्याच्या रद्द होण्यावर टाकणारे लोक मला घाईचे वाटतात. केबलचे तंत्र मुळात निराळे होते. अ‍ॅटलांटाहून १ जून १९८० रोजी सीएनएन सुरू झाली आणि दिवसाचे चोवीस तास बातम्यांनी भरण्याची गरज उत्पन्न झाली. जगात चोवीस तास पुरेल इतके काही रोज घडत नाही, तेव्हा उरलेल्या तासांत बातमीविषयी बोलणे आले, बोलण्यातून भांडणे आले. १९९४ साली ओ. जे. सिम्पसन या खेळाडूची पांढरी मोटार पोलिसांच्या ताफ्यापुढे रस्त्यावरून संथपणे चालली असताना कोट्यवधी लोक ती पाहत बसले, आणि खटला, खेळ व मालिका यांतील भेद त्या संध्याकाळी पुसट झाला. ७ ऑक्टोबर १९९६ रोजी फॉक्स न्यूज निघाली. तिचे सूत्रधार रॉजर एल्स हे मूळचे एका करमणूकप्रधान दुपारच्या कार्यक्रमाचे निर्माते. १९६८ साली निक्सन यांना पडद्यावर शोभेसे करून दाखविण्याची कामगिरी त्यांनीच पार पाडली होती. वॉटरगेटच्या सुनावणीने ज्या राष्ट्राध्यक्षास पायउतार केले त्याचा चित्रशिक्षक पुढे देशातील सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या वृत्तवाहिनीचा अधिपती झाला, हा योगायोग मी अनेकदा मनात घोळविला आहे. २०२० च्या निवडणुकीत मतयंत्रांनी गडबड केली, या निराधार आरोपांस प्रसिद्धी दिल्याच्या दाव्यात या वाहिनीस २०२३ साली ७८ कोटी ७५ लक्ष डॉलर देऊन तडजोड करावी लागली.

डोनाल्ड ट्रम्प यांची कहाणी सर्वांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. जानेवारी २००४ मध्ये एनबीसीवर सुरू झालेल्या 'द अप्रेंटिस' या कार्यक्रमात ते दर आठवड्यास एका उमेदवारास बडतर्फ करीत. निर्णयक्षम धनिकाची ती मुद्रा जनमानसावर उमटली आणि १६ जून २०१५ रोजी सरकत्या जिन्याने खाली येऊन त्यांनी तिचे राजकीय मोल वसूल करण्यास आरंभ केला. केनेडी आणि निक्सन यांचा पहिला वादविवाद शिकागोत झाला तो दिवस २६ सप्टेंबर १९६०, आणि ट्रम्प व हिलरी क्लिंटन यांचा पहिला वादविवाद झाला तो दिवसही २६ सप्टेंबरच, साल २०१६. दोन्ही कोट्यवधींनी पाहिले. पहिल्या वादात निक्सन नुकतेच इस्पितळातून उठलेले, कृश, फिकट दिसत होते एवढे लोकांच्या स्मरणात राहिले आहे. पण त्याची लिखित प्रत काढून वाचली तर दोघेही शेतमालाचे भाव, शाळांचे अनुदान आणि कर्जाचा बोजा यांवर परिच्छेदामागून परिच्छेद बोललेले आढळतात. २०२४ पर्यंत तर उमेदवार वृत्तपत्रांच्या संपादकांस टाळून तीन तीन तासांच्या ध्वनिमुलाखतींत रमले, आणि एका लोकप्रिय गायिकेने आपले मत कोणास हे सांगितले ती मोठी राजकीय वार्ता ठरली. त्या गायिकेस मत असण्याचा पूर्ण अधिकार आहे; मला चिंता आहे ती त्या वार्तेच्या शेजारची जागा रिकामी असल्याची.

आता पुन्हा यंग्सटाउनला येतो. १९ सप्टेंबर १९७७, सोमवार. यंग्सटाउन शीट अँड ट्यूब या कंपनीने कॅम्पबेल येथील कारखान्याचा मोठा भाग बंद करण्याचे जाहीर केले आणि सुमारे पाच हजार माणसांची नोकरी एका निवेदनाने संपली. मी त्या सकाळी बाईंच्या घरी होतो. भाऊ अजून कामावरच होता. बाईंनी त्याचा इस्त्री केलेला सदरा खुंटीवरून काढला, घडी केली, पुन्हा उलगडून खुंटीवर लावला. त्या खोऱ्यात त्या दिवसाला आजही काळा सोमवार म्हणतात. पुढच्या तीन वर्षांत दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या भट्ट्याही विझल्या. मी क्लीव्हलंडला गेलो. भाऊ टेक्ससला गेला आणि परत आला. १९३० च्या खानेसुमारीत ज्या शहरात १,७०,००२ माणसे होती तेथे २०२० साली ६०,०६८ उरली. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी १९९५ साली या गावावर एक गीत रचले आणि ते जगभर गेले. भाऊ ते कधी ऐकू शकला नाही, त्यापूर्वीच तो गेला.

या सर्व पडझडीत 'व्हिंडिकेटर' टिकून होता. १८६९ साली निघालेले हे पत्र १८८७ पासून एकाच कुटुंबाच्या हाती होते. १९२० नंतरच्या वर्षांत कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेने त्या खोऱ्यात एवढा जोर धरला की १९२३ साली तिच्या पाठिंब्याचा उमेदवार यंग्सटाउनचा महापौर झाला, आणि पुढल्या वर्षी शेजारच्या नाइल्स गावी इटालियन व आयरिश रहिवाशांशी तिचा दंगा होऊन सैनिक बोलवावे लागले. त्या काळात जाहिरातदारांची आणि वर्गणीदारांची पर्वा न करता या पत्राने क्लॅनला विरोध केला. पुढे गुन्हेगारांच्या टोळ्यांनी न्यायाधीश आणि पोलीस अधिकारी खिशात घातले, तेव्हा खटल्यामागून खटल्याचा वृत्तांत वर्षानुवर्षे छापण्याचे चिवट, कंटाळवाणे, जोखमीचे काम याच पत्राच्या बातमीदारांनी केले. ही कामे पडद्यावर दिसत नाहीत. त्यांत दृश्य नसते. असतो तो दप्तरखान्यातील कागद, तहकूब झालेली सुनावणी, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेथे जाऊन बसणारा एक माणूस.

२५ जुलै २०१७ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी यंग्सटाउनमध्ये सभा घेऊन लोकांस सांगितले की घरे विकू नका, कामे परत येत आहेत. मार्च २०१९ मध्ये जवळच्या लॉर्डस्टाउन येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यातून शेवटची मोटार बाहेर पडली. आणि २८ जून २०१९ रोजी, दीडशेवा वाढदिवस साजरा होत असतानाच, 'व्हिंडिकेटर'ने आपण बंद होत असल्याची वार्ता छापली. १४४ कर्मचारी घरी जाणार होते. ३१ ऑगस्टचा अंक अखेरचा ठरला. शेजारच्या वॉरन गावच्या पत्राने नाव आणि वर्गणीदारांची यादी विकत घेतली आणि त्या नावाची आवृत्ती आजही निघते, हे नमूद करणे न्यायाचे आहे. परंतु त्या इमारतीतील ती माणसे, ते संदर्भ, ते ओळखीचे चेहरे गेले. २०२० साली महोनिंग परगण्याने रिपब्लिकन उमेदवारास बहुमत दिले, १९७२ नंतर प्रथमच. यातील एक घटना दुसरीचे कारण आहे असे मी म्हणत नाही. त्या लोकांस मत बदलण्याची सबळ कारणे चाळीस वर्षे साठत आलेली होती. मला दुःख होते ते एवढ्याचे, की त्या कारणांचा स्थानिक हिशेब मांडणारी वही त्यांच्या हातून गेली आणि केवळ पडदा उरला.

हे एका गावाचे नाही. देशातील वर्तमानपत्रांस जाहिरातींपासून २००५ साली सुमारे ४९ अब्ज डॉलर मिळत, ते २०२० मध्ये दहा अब्जांच्याही खाली आले. छोट्या जाहिराती फुकट छापणारी संकेतस्थळे आणि मोठ्या जाहिराती गिळणाऱ्या दोनतीन कंपन्या यांनी जुन्या पत्रांचा आधारच काढून घेतला, आणि २००५ पासून एक तृतीयांशाहून अधिक वर्तमानपत्रे बंद पडली. २०२२ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरून जॉर्ज सँटोस नावाचे गृहस्थ काँग्रेसवर निवडून आले. त्यांचे शिक्षण, नोकऱ्या, बरेचसे चरित्र बनावट निघाले. 'नॉर्थ शोअर लीडर' या तेथील लहानशा साप्ताहिकाने निवडणुकीपूर्वीच त्यांच्या संपत्तीविषयी शंका छापली होती. तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. मोठ्या पत्राने १९ डिसेंबरला हे प्रकरण उजेडात आणले तेव्हा मतदान होऊन जवळजवळ सहा आठवडे उलटले होते. सभागृहाने पुढे, १ डिसेंबर २०२३ रोजी, त्यांना काढून टाकले. उलट आयोवातील 'स्टॉर्म लेक टाइम्स': दहा-अकरा हजार वस्तीचे गाव, तीनेक हजारांचा खप, भाऊ, पत्नी, मुलगा अशी घरचीच माणसे. नद्यांतील शेतखताच्या प्रदूषणावरून झालेल्या दाव्यात परगण्यांच्या बचावाचा खर्च गुपचूप कोण भागवीत आहे, हा प्रश्न संपादक आर्ट कलन यांनी चिकाटीने लावून धरला, आणि २०१७ साली अग्रलेखांसाठीचे पुलित्झर पारितोषिक त्यांना मिळाले. असे पत्र अजून निघते, हे पारितोषिकाच्या वार्तेत वाचून मला त्या दिवशी फार बरे वाटले.

पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली प्रश्न उपस्थित केला होता की, दूरच्या जगाची केवळ मनातली चित्रे बाळगणारा सामान्य माणूस राज्यकारभाराविषयी शहाणपणाने मत देऊ शकेल काय. आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९२७ सालच्या ग्रंथात उत्तर दिले ते असे, की समोरासमोरच्या शेजारधर्मातून लोकशाही उगवते, आणि तेथे ती जगली तरच वर जगेल. या ड्यूईंच्या वर्गात १९१३ नंतर बसलेले आपले एक विद्यार्थी भीमराव आंबेडकर मायदेशी परतल्यावर ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढतात, आणि ज्यांच्याविषयी इतर पत्रे एक ओळ छापीत नव्हती त्यांच्या वस्त्या, विहिरी, शाळा यांचे वर्तमान त्यात देऊ लागतात, हा प्रवाह मला एकच वाटतो. गुरूचा ग्रंथ निघण्यापूर्वी सात वर्षे शिष्याने त्यातील सिद्धान्त आचरणात आणला होता.

पडझड वर्तमानपत्रांपुरतीच राहिली नाही. वॉटरगेटचे सबंध कामकाज रात्री पुन्हा दाखविणारी सार्वजनिक वाहिनी, जिच्यामुळे दिवसपाळीच्या कामगारांस ते पाहता आले, तिला अनुदान पुरविणारी संस्था १९६७ सालच्या कायद्याने स्थापन झाली होती. जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने तिचे सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले आणि त्या संस्थेने कामकाज आवरण्यास सुरुवात केली. जेथे दुसरे काहीच ऐकू येत नाही अशा डोंगराळ आणि विरळ वस्तीच्या मुलुखांतील केंद्रांस याचा पहिला फटका बसतो. ही बातमी मी पुण्यात वाचली तेव्हा मला बाईंचा भाऊ आठवला. दिवसपाळीचा आठवडा असला की रात्री जेवण आटोपून, पाय पाटावर ठेवून, वॉटरगेट समितीचे अध्यक्ष सिनेटर अर्विन काय म्हणतात ते तो ऐकत बसे.

बाई १९९१ साली वारल्या. त्यांच्या भाचीने मला एक पाकीट पाठविले. त्यात 'व्हिंडिकेटर'ची काही कात्रणे होती आणि त्यांतील एक माझे होते. १९७५ सालच्या नोव्हेंबरात गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी दिवाळीवर अर्धा तास बोललो होतो, पंधरासोळा माणसांसमोर, दोन मातीच्या पणत्या लावून. आदल्या दिवशी पत्राच्या कचेरीतून घरी दूरध्वनी आला. पलीकडच्या बाईंनी माझ्या आडनावाची अक्षरे एकेक करून लिहून घेतली, मग सगळी उलट वाचून दाखविली. दहा मिनिटांनी पुन्हा दूरध्वनी वाजला: शेवटून तिसरे अक्षर त्यांना नीट ऐकू आले नव्हते, ते पुन्हा सांगाल का. प्रयोगशाळेत सगळे मला आडनावाच्या पहिल्या अक्षराने हाक मारीत. सहा ओळींच्या त्या बातमीत माझे नाव अक्षरशः बिनचूक छापले आहे, आणि त्याच्याखाली पेन्सिलीची दुहेरी रेघ आहे.